पिकअप घाटात ओढत नाही, काळा धूर मारते: फिल्टर-सायलेन्सर बदलण्याआधी हवा कुठे अडते ते बघा

बोलेरो पिकअप असो, योद्धा असो की डी-मॅक्स, तक्रार ठरलेली असते. मोकळी गाडी मस्त पळते. माल भरून कुंभार्ली घाटाला लावली की पोफळी सोडल्यापासून दुसऱ्या गिअरच्या वर घ्यायची सोय नाही, आणि मागे काळा धूर. मग कुणीतरी सांगतं, "हवा मोकळी कर, गाडी सुटेल." मालक उघडा कोन फिल्टर आणि फ्री-फ्लो सायलेन्सर बसवून आणतो. थोडे दिवस गाडी सुटल्यासारखी वाटते, आवाजही दणकेबाज येतो. पुढच्या हंगामाला तीच गाडी, तोच चढ, तोच धूर. वर चेक लाइट लागलेला, तो वेगळाच.

चिपळूण-कऱ्हाड रस्त्यावर गॅरेज असल्यामुळे आंब्याच्या दिवसांत आणि चिऱ्याच्या (जांभा दगडाच्या) हंगामात अशा गाड्या सारख्या येतात. त्यातल्या बहुतेकांना नवीन काही बसवायची गरज नसते. कंपनीने हवा आत घ्यायची आणि धूर बाहेर सोडायची जी वाट दिलेली असते, ती कुठेतरी तुंबलेली किंवा फुटलेली असते. ती तशीच ठेवून पुढे मोठा फिल्टर आणि मागे मोठा पाइप लावला, तर दोष जागेवर राहतो आणि त्यात नवीन दोन भर पडतात.

नुसती हवा वाढवून ताकद का वाढत नाही

पेट्रोल गाडीत अ‍ॅक्सिलरेटर दाबला की हवेची झडप उघडते. डिझेलमध्ये पाय दाबला की वाढतं ते डिझेल. हवा इंजिन आणि टर्बो (बाहेर जाणाऱ्या धुराच्या जोरावर फिरून हवा दाबून आत ढकलणारा पंखा) मिळून जेवढी ओढतील तेवढी येते. एक किलो डिझेल पूर्ण जळायला साधारण साडेचौदा किलो हवा लागते, पण सिलिंडरमध्ये डिझेल आणि हवा सगळीकडे सारखी मिसळत नाहीत, त्यामुळे प्रत्यक्षात अठरा-वीस किलोच्या खाली उतरलं की धूर दिसू लागतो.

कॉमन रेल गाडीत, म्हणजे जिथे एकाच दाबाच्या नळीतून (रेलमधून) सगळ्या नोझलना डिझेल जातं, किती डिझेल टाकायचं ते ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, ठरवतो. सेन्सर सांगतो हवा इतकी आली, ईसीयूच्या तक्त्यात लिहिलेलं असतं की इतक्या हवेला जास्तीत जास्त इतकं डिझेल. शिवाय वरची हद्दही तिथेच बांधलेली असते. म्हणजे ठणठणीत गाडीला तुम्ही आणखी हवा दिलीत, तरी डिझेल वाढत नाही. आणि डिझेल वाढलं नाही तर ताकद कुठून येणार?

मग कोन फिल्टर लावल्यावर गाडी सुटल्यासारखी का वाटते? कारण जुना फिल्टर चोंदलेला होता आणि त्याच्या जागी नवीन काहीतरी आलं. कंपनीचा नवीन कागदी फिल्टर टाकला असता तरी तेवढाच फरक पडला असता. बाकीचा फरक आवाजाचा. टर्बोची शीळ केबिनमध्ये ऐकू यायला लागली की ड्रायव्हरला गाडी जोरात वाटते. घड्याळ लावून तोच चढ, तेवढाच लोड, असं कुणी मोजत नाही.

सुरुवात धुरापासून

गाडी आली की बॉनेट उघडायच्या आधी ड्रायव्हरला विचारायचं, ओढ जाते तेव्हा धूर असतो की नसतो? या एका उत्तरावर अर्धं काम होतं.

ओढ नाही आणि काळा धूर आहे, तर डिझेल येतंय, हवा कमी पडतेय. टर्बोनंतरचा होज, ईजीआर (जळालेला वायू परत आत सोडणारा व्हॉल्व्ह), चोंदलेला फिल्टर, न उठणारा टर्बो, तुंबलेला एक्झॉस्ट, नाहीतर गळकी नोझल.

ओढ नाही आणि धूरही नाही, तर डिझेल कमी पडतंय किंवा ईसीयूने हात आखडता घेतलाय. डिझेल फिल्टर, त्यातलं पाणी, टाकीतली जाळी, रेलचा दाब, नाहीतर गाडी लिम्प मोडमध्ये, म्हणजे दोष दिसल्यावर ईसीयूने ताकद बांधून ठेवलेली. इथे सायलेन्सरला हात लावून काही मिळणार नाही.

निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा धूर सकाळी थंड इंजिनला क्षणभर आला तर सोडून द्या; गरम झाल्यावरही राहिला आणि कूलंट उतरत असेल तर आधी हेड गॅस्केटचं बघा, हा लेख नंतर वाचा.

आता एक बारकी गोष्ट, जी मुलं गॅरेजमध्ये शिकायला येतात तेव्हा पहिल्यांदा सांगावी लागते. हवा मोजणारा सेन्सर फिल्टरच्या डब्याला लागून, टर्बोच्या आधी असतो. टर्बोनंतरचा पाइप फुटला, तर सेन्सरने मोजलेली हवा इंजिनपर्यंत पोचतच नाही, वाटेत निसटते. ईसीयू मात्र मोजलेल्या हवेच्या हिशेबाने डिझेल टाकतो. परिणाम काळा धूर. उलट सेन्सर आणि टर्बो यांच्या मधला पाइप चिरला, तर इंजिनला हवा मिळते पण ती मोजली जात नाही. ईसीयूला वाटतं हवाच कमी आहे, तो डिझेल कापतो. धूर नाही, नुसती मरगळ. आणि त्या चिरेतून न गाळलेली धूळ थेट टर्बोत. दुसरा प्रकार जास्त घातक, कारण धूर नसल्यामुळे कुणाचं लक्षच जात नाही. ज्या गाड्यांत असा सेन्सर नाही, फक्त मॅनिफोल्डवरचा (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळीवरचा) दाबाचा सेन्सर आहे, तिथे टर्बोनंतरची गळती ईसीयूला कळते आणि धूर कमी दिसतो. जुन्या मेकॅनिकल पंपाच्या गाडीत ईसीयूच नाही, तिथे हवा कमी पडली की सरळ काळा धूर.

एअर फिल्टर

अडीच लिटरचं टर्बो इंजिन अडीच हजार फेऱ्यांवर, भरल्या लोडला, मिनिटाला चार-पाच हजार लिटर हवा ओढतं. ही सगळी हवा त्या एका कागदातून जाते. चिरेखाणीवर जाणाऱ्या गाडीचा फिल्टर काढून बघा. घड्यांच्या तळाशी तांबडी भुकटी अशी बसलेली असते की बोटाने खरवडली तर वडी निघते. जांभ्याची ही धूळ बारीक असते, आणि पावसाळ्यात दमट झाली की कागदाला चिकटून घट्ट होते. वरून फिल्टर "ठीक" दिसतो, आत घड्या मिटलेल्या असतात.

हवा मारून फिल्टर साफ करायची आपल्याकडे पद्धत आहे. मारायचीच असेल तर आतून बाहेर, दाब कमी ठेवून, नोझल लांब धरून. टायर भरायच्या दाबाने जवळून मारली की कागदाला डोळ्यांना न दिसणारी भोकं पडतात. अंधारात फिल्टरच्या आत बल्ब धरा. उजेडाचे ठिपके दिसले तर तो फिल्टर गेला. ओला झालेला फिल्टर वाळवून पुन्हा घालू नका. खाणीवरच्या गाडीला कंपनीच्या पुस्तकातला किलोमीटरचा आकडा लागू नाही, पुस्तकातच धुळीच्या वापरासाठी अंतर कमी करायला सांगितलेलं असतं.

फिल्टर खरंच अडतोय का, ते अंदाजाने ठरवायची गरज नाही. पारदर्शक नळी घ्या, यू आकारात पट्टीवर बांधा, अर्धी रंगीत पाण्याने भरा. एक टोक फिल्टर आणि टर्बो यांच्या मधल्या पाइपला जोडा, दुसरं मोकळं. दोन्ही बाजूंच्या पाण्याच्या पातळीतला फरक इंचात मोजा. डिझेल इंजिनांसाठी २५ इंच पाणी, म्हणजे साधारण सव्वासहा किलोपास्कल, ही रुळलेली वरची हद्द आहे. मोठ्या ट्रकच्या एअर क्लीनरवर लाल पट्टी दाखवणारा इंडिकेटर असतो तो याच हिशेबाचा. मात्र हे माप लोडवर, चढाला घ्यायला हवं. गाडी उभी करून नुसती रेस दिली तर टर्बो पुरता उठत नाही आणि चोंदलेला फिल्टरही पास होतो. मोजणारा माणूस ड्रायव्हरशेजारी बसवा, नळी केबिनमध्ये घ्या. नळी लांब ठेवा, नाहीतर पाणी टर्बोत जाईल.

फिल्टर काढून ठेवून "बघू ओढते का" असा प्रयोग घाटात करू नका. टर्बोचं कॉम्प्रेसर चाक लाखाच्या वर फेऱ्या फिरत असतं. खडा सोडा, नुसती रेव गेली तरी पात्यांच्या कडा खाऊन जातात.

टर्बोनंतरचे होज आणि इंटरकूलर

काळ्या धुराचं सगळ्यात मोठं घर इथे आहे. टर्बोतून निघालेली दाबाची हवा रबरी होजमधून इंटरकूलरला (तापलेली हवा गार करणाऱ्या जाळीला) आणि तिथून मॅनिफोल्डला जाते. होजच्या आत ऑइलची वाफ असते, बाहेर उन्हाची आणि इंजिनाची धग. रबर आतून फुगतं, मऊ पडतं, आणि क्लिपच्या खाली, जिथे नजर जात नाही तिथे, चीर पडते. गाडी उभी असताना ती चीर मिटलेली असते. लोडवर दाब आला की ओठ उघडतात. म्हणून स्टँडवर काहीच सापडत नाही आणि घाटात धूर निघतो.

आमच्याकडे चिरा वाहणारी एक पिकअप आली होती, दोनदा फिल्टर-सायलेन्सरचं किट बदलून. तिच्या खालच्या होजला बाहेरून काही नव्हतं, फक्त क्लिपच्या कडेला तेलकट धुळीचा काळा पट्टा होता. तो पट्टा म्हणजेच पत्ता. हवा निसटते तिथे ऑइल बाहेर फेकलं जातं आणि त्यावर धूळ बसते. क्लिप सोडून होज उलटा केला तर बोट जाईल एवढी फट. आधी बसवलेला महाग फिल्टर आणि सायलेन्सर त्या फटीपुढे काय करणार?

शोधायचं साधन घरी बनतं. टर्बोच्या तोंडाला बसेल अशी पीव्हीसीची एंड कॅप घ्या, मधोमध भोक पाडून ट्यूबलेस टायरचा व्हॉल्व्ह बसवा. सेन्सर असलेला पाइप काढा, टर्बोच्या तोंडाला होजचा तुकडा आणि क्लिप लावून ही कॅप आवळा. इंजिन ब्रीदरचा (क्रँककेसमधली वाफ बाहेर काढणारा) पाइप त्या बाजूला येत असेल तर तो बंद करा, नाहीतर हवा क्रँककेसमध्ये जाईल आणि सील बाहेर ढकलेल. कॉम्प्रेसरचा रेग्युलेटर आधी शून्यावर, मग हळूहळू दाब वाढवत एक बारच्या आत थांबा. साबणाचं पाणी स्प्रे करा. जिथे फेस उठेल तिथे गळती. ऑइलच्या गेजपट्टीच्या नळीतून थोडी फुसफुस ऐकू येईल, ती रिंगांतून जाणारी हवा, तेवढी चालते. दाब असताना तोंड होजसमोर आणू नका. कॅप सुटली तर गोळीसारखी येते.

इंटरकूलर आतून ऑइलने भरला असेल तर काढून धुवा आणि नीट वाळवा. पण नुसता ओलसर लेप म्हणजे टर्बो गेला असं नव्हे, ब्रीदरच्या वाफेने तेवढं होतंच. कूलरचा आणि रेडिएटरचा मधला गाळा उघडून बघा. पीक काढणीच्या दिवसांत देशावरून येणाऱ्या गाड्यांत तिथे भुसा आणि कुसळं दाबून बसलेली असतात. हवा जितकी गरम तितकी विरळ: दर १० अंशांना जवळजवळ ३ टक्के हवा कमी होते. उघडा कोन फिल्टर बॉनेटखालची तापलेली हवा ओढतो, तो इथेच मार खातो. कंपनीचा डबा बाहेरची गार हवा घेतो, त्याची नळी उगाच तिथे नेलेली नसते.

होज बरे निघाले तर टर्बोचा अ‍ॅक्च्युएटर आणि त्याची व्हॅक्यूमची बारीक नळी तपासा. तो दोन-तीन इंचांचा तुकडा कडक होऊन तडकतो आणि टर्बो उठतच नाही. अख्खा टर्बो बदलायला काढलेल्या गाड्या या नळीवर सुटलेल्या पाहिल्या आहेत.

ईजीआर आणि मॅनिफोल्ड

ईजीआर व्हॉल्व्ह थोडा जळालेला वायू पुन्हा आत सोडतो, म्हणजे ज्वलनाचं तापमान उतरतं आणि नायट्रोजनचे ऑक्साइड कमी होतात. पूर्ण लोडवर तो बंद असायला हवा. काजळी बसून अर्धवट उघडा अडकला की चढावर ताज्या हवेची जागा धूर घेतो. शिवाय ही काजळी ब्रीदरच्या तेलकट वाफेत मिसळून मॅनिफोल्डच्या आत डांबरासारखा थर बसवते. मॅनिफोल्ड उघडल्यावर जिथे अंगठा जायला हवा तिथे करंगळी जाईना, असं दृश्य जुन्या बीएस-४ गाड्यांत नवं नाही.

स्कॅनर (ईसीयूचे आकडे वाचणारं यंत्र) असेल तर एक सोपी तपासणी आहे. अडीच लिटरच्या चार सिलिंडर इंजिनात एका सिलिंडरची जागा सुमारे ६३० घन सेंटिमीटर. आयडलवर ईजीआर बंद असताना दर स्ट्रोकला साडेपाचशे ते साडेसहाशे मिलिग्रॅम हवा दिसायला हवी. ईजीआर उघडला की आकडा खाली यायला हवा आणि बंद केला की परत वर. आकडा कायम खालीच राहतोय तर एक तर व्हॉल्व्ह अडकलाय किंवा सेन्सर खराब सांगतोय. ऑइल लावलेल्या कापडी फिल्टरचं दुखणं इथेच दिसतं. फिल्टरला जास्त ऑइल लावलं की ते उडून सेन्सरच्या तापलेल्या पातळ पट्टीवर बसतं, त्यावर धूळ चिकटते, आणि सेन्सर हवा कमी सांगू लागतो. मग मोकळ्या फिल्टरने गाडी आणखी मंद होते. सेन्सर त्याच्याच क्लीनरने धुवा. कार्ब क्लीनर, कापूस, ब्रश यांपैकी काहीही त्या पट्टीला लावू नका.

ईजीआरला पत्रा मारून बंद करणं हा लाडका उपाय आहे. चेक लाइट लागतो, गाडी लिम्पला जाते, आणि पीयूसी-पासिंगला वेगळी कटकट. व्हॉल्व्ह काढून साफ करा, मोटर गेली असेल तर बदला.

मागची बाजू

सायलेन्सरने उलटा दाब ठेवलाच पाहिजे, नाहीतर ताकद जाते, हे जे ऐकायला मिळतं ते टर्बो डिझेलला लागू नाही. टर्बाइनच्या मागे दाब जितका कमी तितका टर्बो लवकर उठतो. तिथवर फ्री-फ्लोवाल्यांचं म्हणणं बरोबर. फक्त सत्तर-पंच्याहत्तर हॉर्सपॉवरच्या गाडीला कंपनीने जो पाइप दिलाय तो तेवढ्या धुराला पुरतो. तो अडतो तेव्हा कारण बहुतेक वेळा वेगळं असतं: खडीवर आपटून पाइप चेपला, सायलेन्सरच्या आतला पडदा सुटून तोंडावर बसला, कॅट-कन्व्हर्टरची (धुरातले विषारी वायू कमी करणाऱ्या डब्याची) जाळी वितळली. सायलेन्सरला रबरी हातोडीने ठोकून बघा. आत काही खुळखुळलं तर शोध संपला. आपल्या खाऱ्या, दमट हवेत क्लॅम्प आणि फ्लँज गंजून फुटतात, पण त्याने आवाज वाढतो, ओढ जात नाही. गळती टर्बोच्या आधी, एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या पॅकिंगमधून असेल तर मात्र ओढ जाते. तिथे काजळीची पंख्यासारखी खूण दिसते.

१ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांचं गणित वेगळं. बहुतेकांत डीपीएफ (एक्झॉस्टमधला काजळीचा फिल्टर) आहे, काहींत त्यापुढे डीईएफची, म्हणजे धूर साफ करणाऱ्या युरियाच्या पाण्याची, टाकीसुद्धा. डीपीएफ काजळी अडवून ठेवतो आणि साधारण ६०० अंशांना ती जाळतो. चालू असलेलं हे जाळण्याचं काम ड्रायव्हरने गाडी बंद करून अर्ध्यावर तोडलं, आणि असं रोज झालं, तर डीपीएफ भरत जातो. मार्केटात तासन्‌तास इंजिन चालू ठेवून उभ्या राहणाऱ्या, गावातल्या गावात फेऱ्या मारणाऱ्या गाड्यांना हे हमखास होतं. जाळण्यासाठी जे जास्तीचं डिझेल टाकलं जातं ते थोडं ऑइलमध्ये उतरतं. गेजपट्टीवर ऑइलची पातळी वाढत असेल तर खूश होऊ नका, ऑइल पातळ होतंय.

डीपीएफ भरला असं मानण्याआधी इग्निशन चालू, इंजिन बंद ठेवून स्कॅनरवर डीपीएफच्या आधीचा आणि नंतरचा दाबफरक वाचा. शून्य हवा. शून्य नसेल तर सेन्सर किंवा त्याच्या दोन नळ्यांत दोष आहे. नळी तडकलेली, उंदराने कुरतडलेली, उलटी जोडलेली, सगळं पाहायला मिळतं. मग इंजिन चालू करून, रेस देऊन आकडा मॅन्युअलशी ताडा. काजळी असेल तर स्कॅनरवरून सर्व्हिस रिजनरेशन करता येतं, मात्र गाडी मोकळ्या जागी उभी करून. खाली सुकं गवत असेल तर पेट घेईल. ऑइलची राख असेल तर ती जळत नाही, डीपीएफ काढून धुवावा लागतो. राख लवकर साठू नये म्हणून कमी राखेचं, कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचंच ऑइल भरा. आणि डीपीएफ कायमचा का भरतोय याचं उत्तर पुन्हा वरच शोधायचं: फुटका होज, अडकलेला ईजीआर, गळकी नोझल. धूर तेवढाच राहिला तर नवा डीपीएफही तसाच भरेल. धूर बाहेर दिसत नाही, कारण तो आत साठतोय. बीएस-६ गाडीवाल्यांना "माझी गाडी धूर मारत नाही" असं वाटतं ते यामुळे.

एवढं झाल्यावर बदलायचंच असेल तर

पुढच्या बाजूला पैसे घालायचे तर गाडी कुठे चालते ते बघून घाला. खाण, वीटभट्टी, ऊसतोडीचे कच्चे रस्ते असतील तर हवेचं तोंड उंच नेणारा स्नॉर्केल आणि त्यावर धूळ गोल फिरवून बाहेर टाकणारा प्री-क्लीनर. यांनी ताकद वाढत नाही, फिल्टर जास्त दिवस मोकळा राहतो, आणि घाटात कामाची गोष्ट तीच. सोबत ट्रकवाला रिस्ट्रिक्शन इंडिकेटर बसवून घ्या. लाल पट्टी दिसली की फिल्टर बदलायचा, भांडण नाही. फिल्टर कागदीच ठेवा, चांगल्या मेकचा. डब्याचं झाकण आणि सील नीट बसतंय ना हे बघणं महाग फिल्टरपेक्षा जास्त महत्त्वाचं.

होज बदलताना सिलिकॉनचे घेतले तर उत्तम, पण आतून ऑइल सोसणारा फ्लोरो अस्तराचा थर आहे का ते विचारा. साधं सिलिकॉन ऑइल झिरपू देतं आणि वर्षभरात घामेजल्यासारखं दिसतं. क्लिप टी-बोल्टच्या. बसवल्यावर पहिला भरलेला घाट चढून आलात की, इंजिन गार झाल्यावर, पुन्हा एकदा आवळा. नवीन होज पहिल्यांदा दबतो आणि क्लिप सैल पडते.

मागच्या बाजूला कोकणपट्टीत स्टेनलेसचा पाइप हा खरा फायद्याचा सौदा, व्यास मूळचाच. वाकवताना पाइप आत चेपला जाऊ नये, म्हणजे मँड्रेलवर वाकवलेला असावा. इंजिन हलतं म्हणून मधला लवचिक तुकडा काढून सरळ पाइप वेल्ड करू नका, मॅनिफोल्डचे बोल्ट तुटतात. मोठ्या व्यासाचा पाइप रिमॅपबरोबरच (ईसीयूचा तक्ता बदलून डिझेल वाढवण्याबरोबरच) अर्थपूर्ण होतो, आणि रिमॅप म्हणजे क्लच, गिअरबॉक्स, टर्बोच्या आधीच्या वायूचं तापमान, वॉरंटी या सगळ्याचा हिशेब आला. रोज क्षमतेएवढा माल वाहणाऱ्या गाडीला मी तो करून देत नाही. माल जास्त असेल तर मोठी गाडी घ्या.

कॅट किंवा डीपीएफ आतून पोकळ करून देणारे आहेत. तिकडे जाऊ नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच ठाम सांगितलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ प्रमाणे असा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. आवाज आणि धुरासाठी कलम १९०(२) वेगळं, पहिल्या वेळेला १०,००० रुपयांपर्यंत. पिवळ्या पाटीच्या गाडीला पासिंग चुकत नाही. आठ वर्षांपर्यंत दोन वर्षांनी, मग दरवर्षी. तिथे काढलेला कॅट पुन्हा आणून बसवायचा खर्च मालकाच्याच डोक्यावर बसतो. धुराच्या चाचणीत बीएस-४ डिझेलला धुराच्या दाटपणाची १.६२ (प्रति मीटर) ही हद्द आहे, त्याआधीच्या गाड्यांना २.४५. होज आणि ईजीआर ठीक असलेली गाडी यात आरामात बसते.

दुरुस्ती झाली की चाचणी मोकळ्या गाडीवर घेऊ नका. नेहमीचा माल भरा, नेहमीचाच ड्रायव्हर बसवा, नेहमीचाच चढ घ्या. मागून दुसऱ्या गाडीतून कुणाला तरी धूर बघायला सांगा आणि स्कॅनरवर ईसीयूने मागितलेला बूस्ट (टर्बोचा हवेचा दाब) व मिळालेला बूस्ट शेजारी-शेजारी नोंदवून ठेवा. दोन्ही आकडे चढाच्या माथ्यापर्यंत एकमेकांच्या जवळ राहिले तर गाडी ड्रायव्हरच्या ताब्यात द्या. मधेच मिळालेला आकडा गळला, तर ज्या वळणावर गळला ते लिहून घ्या आणि पीव्हीसीची कॅप पुन्हा लावून गळती शोधा.